ऐकलेले शास्त्र, वाचलेले शास्त्र : मराठी बायबल आणि त्याचा श्रद्धावान वाचक

मराठीच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती वाङ्मय साधारणतः तीन ठिकाणी भेटते. मध्ययुगीन वाङ्मयाच्या पेपरात फादर स्टीफन्स यांचे मराठी भाषेचा गौरव करणारे एखादे कडवे असते, एकोणिसाव्या शतकाच्या पेपरात बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) असते आणि आधुनिक वाङ्मयात रेव्हरंड ना. वा. टिळकांची फुलामुलांची कविता व लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ असतात. या तिन्हींच्या मागे जो ग्रंथ उभा आहे, तो मात्र वर्गात सहसा उघडला जात नाही. स्टीफन्सना भाषाप्रेमी म्हणून, पदमनजींना आद्य कादंबरीकार म्हणून आणि टिळकांना निसर्गकवी म्हणून वाचले की आपले काम संपते. या सर्वांनी ज्या शास्त्रासाठी लेखणी हाती घेतली, त्या शास्त्राचे श्रद्धावानाच्या जीवनात नेमके स्थान कोणते आणि ते मराठीत कसे आले, हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाविषयी. ‘बायबल’ हा शब्द ग्रीकमधील ‘पुस्तके’ या अर्थाच्या अनेकवचनी शब्दावरून आला. नावातच सांगितल्याप्रमाणे हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत असून त्यातील काही भाग अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीकमध्ये आहे. प्रोटेस्टंट परंपरेत जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी एकूण ६६ पुस्तके मानली जातात. कॅथलिक परंपरेत टोबित, मक्काबी इत्यादी पुस्तके जुन्या करारात धरली जातात, त्यामुळे ती संख्या ७३ होते. या संग्रहात इतिहास आहे, कायदा आहे, वंशावळी आहेत, स्तोत्रे आणि विलापगीते आहेत, सुभाषिते आहेत, प्रेमकाव्यही आहे. नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे येशूची चरित्रे नव्हेत. पौलाने निरनिराळ्या गावांतील लहानलहान मंडळ्यांना लिहिलेली पत्रे त्याहून जुनी आहेत. ख्रिस्ती शास्त्राचा आरंभच असा पत्रव्यवहारातून झाला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. येशू ज्या लोकांत वावरला त्यांची बोली अरामी. त्याचे चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये आहेत. मार्काने येशूच्या तोंडचे काही अरामी शब्द जसेच्या तसे ठेवले, आणि प्रत्येक वेळी लगेच त्यांचा अर्थही दिला. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या हाती जे मूळ आहे, तेच मुळी भाषांतर आहे. वेदमंत्रांच्या बाबतीत उच्चार, स्वर आणि क्रम यांना स्वतंत्र पावित्र्य आहे. कुराणाचे भाषांतर हे श्रद्धावान मुसलमानाच्या दृष्टीने कुराणाचे अर्थविवरण असते. ख्रिस्ती परंपरेत ख्रिस्त हाच देवाचा ‘शब्द’ मानला जातो आणि ग्रंथ त्या शब्दाची साक्ष देतो. त्यामुळे या शास्त्राची कोणतीही एक भाषा तत्त्वतः पवित्र ठरत नाही. ज्या भाषेत ते समजते, ती भाषा पुरेशी असते.

जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकात याचे एक बोलके चित्र आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमात परतलेल्या लोकांसमोर एज्रा नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि लेवी ते लोकांना उलगडून सांगतात. वाचन आणि अर्थकथन यांची ही जोडी पुढे सभास्थानांत आणि चर्चमध्ये रूढ झाली. मराठी भाषांतरकारांनी मोशेच्या पाचव्या पुस्तकाला जे नाव दिले, तेही येथे आठवते. त्या पुस्तकात मोशे मरणापूर्वी सारे नियमशास्त्र पुन्हा एकदा सांगतो. मराठी बायबलात त्याचे नाव आहे ‘अनुवाद’. आज आपण हा शब्द भाषांतराला पर्याय म्हणून वापरतो, त्याचा जुना अर्थ मात्र ‘मागून पुन्हा सांगणे’ असा आहे. नव्या पिढीला, नव्या भूमीच्या उंबरठ्यावर, तेच पुन्हा सांगणे. मराठी बायबलचा सारा इतिहास या एका शब्दात सामावतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तत्त्व असे असले तरी व्यवहार निराळा होता. पाश्चात्त्य चर्चने लॅटिन भाषांतर शतकानुशतके प्रमाण मानले आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर सामान्यांच्या हाती लोकभाषेतील बायबल देण्याबाबत कॅथलिक चर्च अधिकच सावध झाले. नेमक्या त्याच काळात पोर्तुगीज सत्तेबरोबर ख्रिस्ती धर्म कोकणात स्थिरावत होता. त्यामुळे मराठीत शास्त्र प्रथम आले ते भाषांतर म्हणून आले नाही. ते पुराण म्हणून आले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याइतकी त्याची भाषा इथल्या पुराणपरंपरेत मुरलेली आहे. या ग्रंथाच्या आरंभी त्याच्या निर्मितीचे कारण आले आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? आपण स्टीफन्सच्या मराठीप्रेमाविषयी भरभरून बोलतो. या प्रश्नामागील दुःखाविषयी फारसे बोलत नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले होते, देवळे पाडली गेली होती, पोथ्या काढून घेतल्या गेल्या होत्या. ज्यांची ऐकण्याची सवय मोडली होती, त्या लोकांची ही मागणी होती. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या पोकळीला दिलेले उत्तर होते. ते उत्तम काव्य आहे, आणि ते हिरावून घेतलेल्या काव्याच्या जागी आले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानूनच तो ग्रंथ वाचावा लागतो. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, म्हणजे दिलेले उत्तरही निर्वेध राहिले नाही.

स्टीफन्सची साष्टी गोव्यातली. आपल्या ठाण्याजवळची साष्टी वेगळी, पण तिचीही कथा याला समांतर आहे. राहनाळशेजारच्या अंजूरफाट्यावरून कामण-चिंचोटीमार्गे गेले की तासाभरात वसई येते. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. ती घेण्याच्या मोहिमेसाठी ज्यांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला ते गंगाजी नाईक याच अंजूरचे. भिवंडी परिसरात हा इतिहास विजयाचा म्हणून सांगितला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र वसईचा किल्ला पडल्यावरही तेथील ख्रिस्ती शेतकरी, कोळी आणि बागायतदार गावे सोडून गेले नाहीत. पोर्तुगीज फौज गेली, बोली तीच राहिली, शेते तीच राहिली, प्रार्थनाही चालू राहिल्या. उत्तर कोकणातील या समाजासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश याने येशूच्या दुःखभोगावर रचलेले पुराण १६५९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याची भाषा स्टीफन्सइतकी ग्रांथिक नाही. उत्तर कोकणच्या लोकबोलीला ती जवळची आहे. एकोणिसाव्या शतकातही त्याचे पुनर्मुद्रण झाले. उपासना लॅटिनमध्ये, सत्तेची भाषा पोर्तुगीज, आणि उपवासकाळात येशूची कथा मात्र आपल्या बोलीत, अशी ही त्रिभाषिक व्यवस्था होती. या श्रोत्याच्या हाती बायबल नव्हते. त्याच्या कानी मात्र ते होते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. प्रोटेस्टंट मिशनरी शास्त्र ‘वाचण्या’चा आग्रह घेऊन आले. शास्त्र हेच श्रद्धेचे अंतिम प्रमाण आणि ते प्रत्येकाने स्वतः वाचावे, हे त्यांच्या धर्मसुधारणेचे मूळ सूत्र होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीकडे लक्ष वळवले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर तयार झालेली ही भाषा मुंबई-पुण्याकडील वाचकाला परकी वाटावी, यात नवल नव्हते. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांनी भाषांतराचे काम नव्याने आरंभले. नवा करार १८२६ मध्ये निघाला. त्याच वर्षी हॉल वारले. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये पुरे झाले. पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या भाषांतरांवर ‘मिशनरी मराठी’ म्हणून शेरा मारण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वाक्यरचनेपुरता तो शेरा अनेकदा योग्यही आहे. परंतु भाषांतरकारांपुढे असलेले प्रश्न पाहिले म्हणजे ही थट्टा थोडी आवरती घ्यावी लागते. देव आणि इस्राएल लोक यांच्यात जे नाते जडते, त्याला हिब्रूत ‘बेरीथ’ असा शब्द आहे. त्यासाठी मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘वर’ म्हटले तर एकाच बाजूचे देणे होते. ‘व्रत’ म्हटले तर दुसऱ्याच बाजूचे बंधन होते. शेवटी ‘करार’ हा शब्द रूढ झाला. तो मूळ अरबी, फारसीच्या वाटेने दफ्तरात आणि तेथून बाजारात रुळलेला. दोन्ही बाजू बांधल्या जातात, अटी असतात, मोडल्यास जाब द्यावा लागतो, हा सारा अर्थ मराठी शेतकऱ्याला त्या शब्दातून आपोआप कळत होता. धर्मग्रंथाच्या मुखपृष्ठावर कचेरीतला शब्द येणे हे काहींना खटकले असेल. अर्थाच्या दृष्टीने ती निवड अचूक होती. दुसऱ्या टोकाला ‘स्तोत्रसंहिता’, ‘नीतिसूत्रे’, ‘गीतरत्न’ ही नावे पाहावीत. ती सरळ संस्कृत परंपरेतून आली आहेत. छापील मराठी बायबलात दफ्तर आणि देव्हारा असे शेजारी बसले आहेत.

वाचण्याच्या आग्रहाचा सामाजिक परिणाम मोठा झाला. ज्या जातींना कोणतेही शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्यातील स्त्री-पुरुषांना शास्त्र वाचता यावे म्हणून अक्षरे शिकवली जाऊ लागली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील खेड्यांत महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी बायबल हे अनेकदा घरातील पहिले पुस्तक होते. हे अक्षरज्ञान निर्हेतुक नव्हते, त्यामागे धर्मप्रसार होता, हे मान्य करूनही त्या घटनेचे मोल कमी होत नाही. रविवारची ‘शब्बाथ शाळा’, घरातील सायंप्रार्थना, पाठ केलेली वचने यांतून एक नवा वाचक घडला. हा वाचक बायबलातल्या वचनाला ‘ओवी’ही म्हणू लागला. गद्य भाषांतराच्या क्रमांकित वाक्याला ज्ञानेश्वरांच्या छंदाचे नाव मिळावे, ही गोष्ट फारच सूचक आहे. वाचण्याचा ग्रंथ हाती आला, तरी ऐकण्याच्या परंपरेने आपली खूण त्यावर ठेवली.

या दोन परंपरांमधील ताण ज्यांच्या एकट्याच्या आयुष्यात सर्वांत तीव्रपणे दिसतो, त्या म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे, आणि रमाबाईही त्यातच वाढल्या. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्या पुराणकथनाचे वर्णन केले आहे. पुराणिक उच्च स्वरात संस्कृत वाचतो, येणारेजाणारे ऐकतात, दक्षिणा ठेवतात. अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नसते, कारण ऐकल्यानेच पुण्य लागते. हे वर्णन करणारी स्त्री स्वतः त्या आसनावर बसलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या पुढील कामाचा अर्थ उलगडतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले आणि दुष्काळातून वाचलेल्या शेकडो स्त्रिया-मुली तेथे आल्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना दोन कारणांनी खटकत. एक, ते खेड्यातील बाईला कळत नाहीत. दुसरे, ते आपल्याबरोबर वेदान्ताचे आणि पुराणांचे अर्थ घेऊन येतात. संस्कृत न येणाऱ्याने संस्कृतला नाकारणे सोपे असते. ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या विदुषीने ती भाषा बाजूला ठेवून साध्या मराठीकडे वळणे, ही निवड पूर्ण जाणीवपूर्वक होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित करणे, ही जगाच्या इतिहासातही विरळा घटना आहे. मंडळ्यांच्या सार्वजनिक उपासनेत मात्र ते भाषांतर रुळले नाही.

स्टीफन्स आणि रमाबाई यांना एकत्र ठेवून पाहावे. परदेशातून आलेल्या पाद्र्याने पुराणाचा घाट स्वीकारला. पुराणिकाच्या घरी वाढलेल्या स्त्रीने तो नाकारला. त्याला श्रोत्यांच्या ओळखीचा स्वर हवा होता, तिला श्रोत्यांना अर्थ हवा होता. दोघांच्याही मनात समोर बसलेला, शास्त्रापासून दूर ठेवलेला माणूस होता. मराठी भाषांतरविचाराचा कोणताही तास या दोन नावांपासून सुरू करता येईल, इतका हा भेद मूलगामी आहे.

या दोन टोकांमध्ये तिसरा मार्ग टिळकांचा. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी शास्त्राचे भाषांतर केले नाही. शास्त्र आपल्या अभंगांत आणि भजनांत गायिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या द्वारे ती पदे आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अनेक सामान्य ख्रिस्ती माणसांच्या ओठांवर शास्त्र येते ते वचनाच्या आधी पदाच्या रूपाने, हे टिळकांचे ऋण आहे.

कॅथलिक परंपरेत मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवला. १९६३ मध्ये परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि १९६५ च्या घोषणापत्राने शास्त्र सर्व श्रद्धावानांना सहज उपलब्ध असावे असे म्हटले. १९६९ पासून रविवारच्या वाचनांची त्रैवार्षिक मांडणी लागू झाली. जुना करार, स्तोत्र, प्रेषितांची पत्रे आणि शुभवर्तमान यांचे वाचन प्रत्येक रविवारी होऊ लागले. लॅटिन मिस्सा ऐकत आलेल्या वसईतील आजीच्या कानी आता वेदीवरून मराठी शास्त्र पडू लागले. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले आणि २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या भाषांतराच्या नावातील ‘सुबोध’ हा शब्द एज्रा, स्टीफन्स आणि रमाबाई यांच्या खटपटीशी थेट नाते सांगतो.

तरीही प्रश्न संपलेला नाही. वसईच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलली जाते आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी. हा अनुभव आमच्या राहनाळ-काल्हेरच्या आगरी विद्यार्थ्यालाही अनोळखी नाही. घरची बोली एक, पुस्तकाची दुसरी. आणि पुस्तकाची तीच शुद्ध, असा समज शाळेपासून मनात बसलेला. शास्त्राच्या बाबतीत हा समज अधिक खोल जातो, कारण तेथे देवच प्रमाण मराठीत बोलतो. गिमरायशचे पुराण बोलीत ऐकणाऱ्या पिढ्यांना एक जवळीक मिळाली होती, ती छापील प्रमाणभाषेत काहीशी हरवली. त्या बदल्यात वाचण्याचा, पडताळून पाहण्याचा, प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. काय मिळाले आणि काय गेले, याचा जमाखर्च ज्याचा त्यानेच मांडायचा आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने या व्यवहारात काय करावे? श्रद्धेचा निवाडा हे त्याचे काम नव्हे. ‘ख्रिस्तपुराणा’तील भाषागौरवाच्या कडव्याबरोबर त्या ब्राह्मण श्रोत्याचा प्रश्नही वर्गात वाचावा. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना लक्ष्मीबाईंच्या विनोदाइतकेच त्यांच्या घरात शिरलेल्या त्या लहानशा पुस्तकाकडे लक्ष वेधावे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात रमाबाईंचे नाव घेताना केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या स्त्रियांचाही उल्लेख करावा. ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, तेव्हा सामान्यांना अर्थ कळावा हाच हेतू होता, असे आपण दरवर्षी शिकवतो. तोच हेतू धरून याच भाषेत चारशे वर्षे चाललेले हे दुसरे काम आपल्याच वाङ्मयाचा भाग आहे, आणि त्याचे वाचक आपल्या वर्गात, आपल्या शेजारच्या बाकावर बसलेले आहेत.